पाचवी आहुती

मांजराला खाज सुटली म्हणजे ते खाजवतंच असं नाही, ही गोष्ट डॉक्टर प्रल्हाद आठल्ये यांना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळली. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी ओहायोतल्या माणसांची त्वचा तपासली होती. पुरळ, गजकर्ण, सोरायसिस, नव्या घड्याळाच्या पट्ट्याने उठलेले चट्टे, काही म्हणून सोडलं नव्हतं. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चालीवरून त्याला कुठे खाज सुटली आहे ते आपण ओळखतो, असं ते दर गणपतीत सांगत, आणि ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या मराठी मंडळींना ते आता पाठ झालं होतं.

मांजर त्यांचं नव्हतं. नात सिया ॲन आर्बरला कॉलेजात गेली, तिथल्या हॉस्टेलात मांजराला मज्जाव, आणि तिचे आईबाबा नोकरीपायी दोन वर्षांसाठी लंडनला. म्हणून ऑगस्टमध्ये ती आपली करडी, काळ्या ठिपक्यांची मांजरी आजी-आजोबांकडे सोडून गेली. सिया तिला पेपर, म्हणजे काळी मिरी, म्हणायची. आजीने, म्हणजे उत्तराताईंनी, पहिल्याच दिवशी तिचं मिरी केलं. "मला ह्या केसाळ पाहुणीचं कौतुक सांगू नका," असं प्रल्हादरावांनी दोघींना बजावलं होतं. दसऱ्यापर्यंत केसाळ पाहुणी त्यांच्या मांडीवर बसून बातम्या बघायला लागली, आणि पायाला मुंग्या आल्या तरी हे गृहस्थ जागचे हलत नसत.

नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातले बरेच शिरस्ते बदलले. सकाळचं फिरणं गेलं, गाडी चालवणं गेलं. एक मात्र राहिलं. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवायचं आणि उजव्या हाताला भाताच्या पाच इवल्याशा चित्राहुती ठेवायच्या, हा वडिलांनी लावलेला नेम त्यांनी अमेरिकेतल्या बावन्न वर्षांत मोडला नव्हता. देवावर त्यांचा विश्वास बेताचाच, पण हात आपसूक जायचा. टेबल खराब नको म्हणून आहुत्या एका छोट्या स्टीलच्या ताटलीत घालायच्या आणि जेवण झालं की मागच्या डेकच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी नेऊन ठेवायच्या. रात्रीच्या जेवणात ते दहीभातच घेत, त्यामुळे पक्ष्यांनाही दहीभात. यंदा बर्फ पडायला लागल्यावर उत्तराताईंनी दम भरला, "त्या डेकवर पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे." तेव्हापासून ताटली आत दाराजवळच्या बुटक्या बाकावर ठेवून ते टीव्हीसमोर जाऊन बसत. पुढचं बायको बघते, हे चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर एकदा मिरी सोफ्यावर उताणी झोपली होती. प्रल्हादरावांनी सहज पाहिलं तर तिच्या पोटावर केसच नव्हते. तळहाताएवढी गुलाबी, उघडी कातडी, कडेला थोडी लाली. मानेवरून बोटं फिरवली तर केसांच्या मुळाशी रव्यासारखी कणी लागत होती, बारीक बारीक खपल्या.

"उत्तरा, माझं भिंग आण गं!"

"अहो, मांजर आहे ते, पेशंट नव्हे."

"आण तर खरी."

भिंगाखाली पोटाच्या कडेचे केस तुटके दिसले. टोकं खुडल्यासारखी. म्हणजे केस आपोआप गळत नव्हते, कोणीतरी ते तोडत होतं. आणि ते कोणीतरी म्हणजे स्वतः मिरीच. मग ते तिच्यावर पाळत ठेवून बसले. खाजवताना ती एकदाही दिसली नाही. ती चाटत होती. मांजर चाटतंच, त्यात कोण लक्ष देतो? पण ते दिवसाकाठी दोन-तीन तास एकच जागा चाटतं तेव्हा ती स्वच्छता नसते. माणूस दवाखान्यात येऊन आधी तक्रार सांगतो आणि मग शर्ट काढतो. ही बया तक्रार लपवून ठेवत होती, तीही अशी शिताफीने की चाळीस वर्षांचा अनुभव चाट पडावा. प्रल्हादरावांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एखादी केस मिळाल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली.

उत्तराताईंनी खोबरेल तेलात हळद कालवून आणली. प्रल्हादराव त्यांना हसले आणि कपाटातून स्वतःची मलमाची ट्यूब काढून आले. सुदैवाने दोघांचं आधी कोणी लावायचं यावर वाजलं आणि तेवढ्यात गुरांच्या, चुकलो, मांजरांच्या डॉक्टरांची वेळ झाली.

डॉक्टर बेकर तिशीतल्या होत्या. दोघांनी सोबत आणलेली हळद-तेलाची वाटी आणि ट्यूब त्यांनी शांतपणे बाजूला सरकवली. "तुम्ही जे हिच्या अंगावर लावाल ते पाच मिनिटांत हिच्या पोटात जाईल," त्या म्हणाल्या. "माणसांची मलमं, सुगंधी तेलं, कुत्र्यांची पिसवांची औषधं, यातलं काहीही नको. काही काही तर मांजराच्या जिवावर बेततं."

चाळीस वर्षांच्या अनुभवाने ट्यूब मुकाट्याने खिशात घातली.

मग त्यांनी बारीक फणीने मिरीचे केस विंचरले, फणीतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. पिसवांची घाण असती तर कागदावर तांबूस डाग पसरला असता, पसरला नाही. तरी पिसवांचं महिन्याचं औषध त्यांनी दिलंच, कारण मांजर पिसवा चाटून गिळून टाकतं आणि पुरावा नाहीसा करतं. कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, चिकटपट्टी लावून पाहिली. खरजेचे किडे, म्हणजे माइट्स नाहीत, बुरशी नाही. प्रल्हादराव खुर्चीच्या कडेवर बसून हे सगळं असं बघत होते की परीक्षा त्यांचीच चालली आहे.

"आता खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते बघू," डॉक्टर म्हणाल्या. "यासाठी रक्ताची भरवशाची चाचणी नाही. आठ आठवडे फक्त हे एकच खाणं द्यायचं. दुसरा एक कणसुद्धा नाही. एका घासाने सगळं पाण्यात जातं."

सोबत एक फॉर्म होता. घरात मांजराला आणखी कोण काय खायला घालतं? प्रल्हादरावांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, कोणीही काहीही नाही, आणि खाली रेघ ओढली. घरी येताना गाडी चालवणाऱ्या उत्तराताईंना त्यांनी एक व्याख्यानही दिलं. "पेशंट खोटं बोलत नसतो गं. त्याला ज्या गोष्टीत काही विशेष वाटतच नाही, ती तो सांगत नाही. एका बाईचे हात सहा महिने सोलत होते. सगळं विचारून झालं. शेवटी कळलं, रोज सकाळी नवऱ्यासाठी दहा लिंबं पिळते. म्हणे, तुम्ही मला माझ्याविषयी विचारलंत, सरबत त्यांचं असतं."

"समोर लाल सिग्नल आहे, जरा गप्प बसता का?" उत्तराताई म्हणाल्या.

जानेवारीत तपास रंगात आला. प्रल्हादरावांनी एक वही केली. मिरीने किती वेळ चाटलं, कुठे चाटलं, लाली किती, सगळं टिपायला सुरुवात केली. कपडे धुण्याचा साबण बदलला. प्लास्टिकची वाटी गेली, स्टीलची आली. देवापुढची उदबत्ती बंद झाली. हीटरमुळे हवा कोरडी पडते म्हणून वाफेचं यंत्र आलं, आणि त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचा जानेवारी महिना लोंबायला लागला. मिरीचं चाटणं काही थांबलं नाही. उत्तराताईंनी जुन्या सुती साडीचं तिला झबलं शिवलं. तिने ते दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी फाडून त्यावरच झोपली.

व्हिडिओ कॉलवर सियाने ते पोट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, मी वाचलंय, इट कॅन बी स्ट्रेस. मी तिला सोडून गेले ना, म्हणून."

"ऑगस्टमध्ये गेलीस आणि खाज डिसेंबरात? काहीतरी बोलू नकोस."

"पण फूड पण नाही वर्क करत आहे. ती सफर करते आहे, आजोबा, आय कान्ट वॉच धिस." मग तिने सांगितलं ते असं. ॲन आर्बरमध्ये मिसेस ओल्सन म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. दिवसभर घरात, घर शांत, त्यांचं म्हातारं मांजर नुकतंच गेलेलं. त्या मिरीला घ्यायला तयार होत्या. "मार्चमध्ये माझा स्प्रिंग ब्रेक आहे. तोपर्यंत बरी झाली नाही तर मी तिला घेऊन जाते. फॉर गुड. सारखं घर बदलणं तिच्यासाठी फेअर नाही."

"बरोबर आहे तुझं," प्रल्हादराव म्हणाले. मांडीवर मिरी होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, ती आपली मागचा पाय वर करून चाटत होती.

फेब्रुवारीत त्यांना फ्लू झाला, त्यातून छाती भरली, आणि तीन आठवडे ते अंथरुणाला खिळले. उत्तराताई ट्रेमध्ये मऊभात आणून देत. अंथरुणात बसून आहुत्या घालत नाहीत, म्हणून त्या घातल्या नाहीत. मिरी दिवसभर पायांशी. तिसऱ्या आठवड्यात ताप पूर्ण उतरला, त्यांनी सवयीने तिला उताणं केलं आणि ओरडलेच, "उत्तरा! भिंग!" पोटावर लव आली होती. बारीक, करडी, पीचच्या सालीवर असते तशी. मानेवरच्या खपल्या पडून गेल्या होत्या.

सियाला कळवलं तेव्हा तिला आनंद झाला आणि रडूही आलं. "बघा, आय न्यू इट. तुम्ही दिवसभर तिच्याजवळ होतात म्हणून. तिला कंपनी पाहिजे होती."

प्रल्हादरावांना हे पटेना. निवृत्त माणूस एरवीही दिवसभर घरातच असतो, जाणार कुठे? पण दुसरं कारण दाखवता येईना. ते उठून चालू-फिरू लागले, टेबलावर येऊन जेवू लागले, आणि नऊ दिवसांत मिरीचं पोट पुन्हा लाल झालं. सियाचा फोन आला. आवाज मोठ्या माणसासारखा झाला होता. शनिवारी ती येणार होती, पिंजरा घेऊन. मिसेस ओल्सननी खिडकीपाशी मिरीसाठी गादी करून ठेवली होती.

गुरुवारी दिवसभर प्रल्हादराव वही घेऊन बसले. ते तीन आठवडे. साबण तोच, खाणं तेच, हवा तीच, माणसं तीच. त्यांनी चार वेळा पानं उलटली. पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं की तुम्ही एका मांजरीपायी असे रडकुंडीला याल, तर त्यांनी त्यालाच तपासून घेतलं असतं. रात्र व्हायच्या आत जेवायची त्यांची पद्धत. सहा वाजता बसले, आहुत्या घातल्या, दोन घास दहीभात खाल्ला आणि ताटली नेऊन बाकावर ठेवली. वळतात तो उत्तराताई कमरेवर हात देऊन उभ्या.

"आज मी बोलणार आहे. इतके दिवस तुम्ही आजारी म्हणून मी गप्प बसले. त्या गुडघ्यासाठी मी रात्ररात्र जागले, आणि तुम्ही रोज माझी पाठ वळली की बर्फावर जाता!"

"मी? कुठे जातो?"

"मला शिकवू नका. भांडी आवरून येते तर ताटली चाटूनपुसून लख्ख. कठड्यापर्यंत जाता ना? पडलात तर कोण उचलणार तुम्हाला?"

"अगं, मी बाक सोडून पुढे गेलेलो नाही. आहुत्या तू टाकतेस ना बाहेर?"

"मी कशाला टाकू? नेम तुमचा."

प्रल्हादरावांनी काचेतून बाहेर पाहिलं. सोमवारी पडलेलं बर्फ डेकवर जसंच्या तसं होतं, कठड्यापर्यंत कोरं, एक पाऊल नाही. मग दोघांनी एकदमच खाली पाहिलं. मिरीने बाकावर पुढचे दोन पाय टेकले होते आणि ती अगदी मन लावून, सवयीने, चौथी आहुती संपवत होती. पाचवी तेवढी उरली होती.

"चाटूनपुसून लख्ख," प्रल्हादराव पुटपुटले.

त्यांना सगळं एकदम दिसलं. डिसेंबरात बर्फ, डिसेंबरात खाज. तीन आठवडे अंथरूण, तीन आठवडे आहुत्या नाहीत. रोज संध्याकाळी दही, थोडंसंच, पण रोज. आणि फॉर्मवर ठसठशीत अक्षरात कोणीही काहीही नाही, खाली रेघ. लिंबं पिळणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तिला ते मनातल्या मनात खुळी म्हणाले होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," उत्तराताई म्हणाल्या. मग नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी खुर्ची ओढली. "बसा आधी. आणि हे शनिवारी तुम्ही सांगायचं, मी नाही."

शनिवारी सिया आली. पिंजरा तिने दाराशी ठेवला आणि मिरीला उराशी धरून ती स्वयंपाकघरातच उभी राहिली. प्रल्हादरावांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. दुधातली प्रथिनं, नजरेतून निसटलेलं कारण, असं बरंच काही. त्यातलं एकही आठवेना.

"सिया, तिला स्ट्रेस नव्हता. तू सोडून गेलीस म्हणूनही काही झालं नाही. मी तिला तीन महिने दही चारत होतो. मला कळलं नाही."

त्यांनी ताटली दाखवली, बाक दाखवला, वहीतल्या तारखा दाखवल्या. सिया ऐकत राहिली. आजोबांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं तिने आजवर पाहिलेलं नव्हतं. आजीने तर पाहिलेलंच नव्हतं, म्हणून ती त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उगाच कढई घासत होती.

"मला पहिल्यापासून आठ आठवडे दे," ते म्हणाले. "खरे आठ. त्यानंतर बरी नाही झाली तर मी स्वतः तिला मिसेस ओल्सनकडे पोचवीन. पण मला ती इथे हवी आहे, सिया. मला... ती जायला नको आहे."

"पण तुम्ही चित्राहुती कशी सोडणार? तुम्ही तर विमानात पण करता. एअरहोस्टेस ओरडली होती."

"बघू," प्रल्हादराव म्हणाले.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. प्रल्हादरावांनी पानाभोवती पाणी फिरवलं. हात सवयीने भाताकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी खिशातून मिरीच्या खाण्याचे दाणे काढले, डॉक्टर बेकरांच्या पिशवीतले, तपकिरी, कडक, मोजून पाच. एकेक करून ते ताटलीत मांडले. चित्राला, चित्रगुप्ताला, यमाला, यमधर्माला, आणि शेवटचा सगळ्या प्राणिमात्रांना. पहिल्या चौघांना हे चालेल की नाही याची त्यांना शंका होती. पाचव्याच्या वाटेकरणीने मात्र टेबलाखालून मान वर काढली होती.

सिया एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ताटावरून उठून फोन घेतला आणि मिसेस ओल्सनना सांगितलं की आय ॲम सो सॉरी, पण पेपर येत नाही आहे. रिकामा पिंजरा तिने स्वतःच खाली बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला.

मे महिन्यात मिरीला उताणं केलं तर पोट कुठे संपतं आणि मांडी कुठे सुरू होते ते केसांतून कळत नव्हतं. डॉक्टर बेकर खूष झाल्या. आता पक्कं करायचं असेल तर एकच पायरी राहिली, त्या म्हणाल्या. हिला पुन्हा आठवडाभर थोडं दही द्या. खाज परत आली की निदान शंभर टक्के सिद्ध.

प्रल्हादरावांनी आयुष्यभर हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवलं होतं. पुराव्याशिवाय निदान म्हणजे गप्पा. त्यांनी मिरीकडे पाहिलं. ती तपासणीच्या टेबलावर बसून त्यांच्या बाहीचं बटण हुंगत होती.

"नको," ते म्हणाले. "मला कळलं तेवढं पुरे आहे."

त्या संध्याकाळी डेक कोरडा होता आणि गुडघाही बरा होता. चार आहुत्या त्यांनी दहीभाताच्या घातल्या आणि स्वतः जाऊन कठड्यावर ठेवून आले, दार घट्ट ओढून. पाचवी दाण्याची होती. ती खाली वाकून, गुडघा कुरकुरला तरी, त्यांनी हातावरच धरली.